माणकचंद शेठचं पाणी

मोबाइल खिडकीत उभा करायचा, त्याच्यासमोर खुर्ची ठेवायची, आणि अनोळखी बाप्यांच्या साक्षीने खुर्चीवरून उठायचं नि परत बसायचं. असला व्यायाम कोणी मला आधी सुचवला असता तर मी त्याला अंगणातूनच हाकलला असता. मी केळीवाला माणूस. यावलकडे बाग आहे. जन्मभर घड खांद्यावर वाहिले. मला काय उठाबशा शिकवता? पण प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, गाठ गेली आणि जाताना लघवीवरचा ताबा घेऊन गेली. खोकलो की थेंब. हसलो की थेंब. वाकून चप्पल घातली की थेंब. आयुष्यभर शेतात ठिबक बसवलं आणि म्हातारपणी ते माझ्याच अंगाला बसलं. आता हे हसत सांगतोय. तेव्हा रडू यायचं, आणि रडू आलं की मी कुंदाबाईवर ओरडायचो.

कुंदाबाई म्हणजे आमची बायको. सगळं गाव तिला कुंदाबाई म्हणतं म्हणून मीही म्हणतो. जळगावला मुलाकडे राहायला आलो तरी तिचा आवाज शेतातलाच राहिला. डॉक्टरांनी क्लासचं नाव काढलं आणि मी नको म्हणून तोंड फिरवलं, तर दवाखान्यातच सगळ्यांसमोर म्हणाली, "ओरडाले अंगात जोर आहे ना? मग उठाबशाले बी आसंन!" नर्ससुद्धा हसली. मग काय करता, नाव घातलं.

क्लास घेणारी मोनाली. धुळ्याला देवपुरात राहते, फिजिओथेरपिस्ट आहे, वयाने माझ्या सुनेएवढी. आधी तिने हाच वर्ग दवाखान्यातल्या खोलीत काढला होता म्हणे. एक माणूस फिरकला नाही. ज्याला लघवी सांभाळता येत नाही तो रिक्षात बसून व्यायामाला येईल कसा, हे तिच्या लक्षात आलं आणि तिने तो मोबाइलवर आणला. आता पार रावेरपासून शिंदखेड्यापर्यंतची माणसं सकाळी आपापल्या घरून जोडली जातात.

पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "लघवी मध्येच थांबवतो ना, तसा आतला स्नायू वर ओढायचा. श्वास रोखायचा नाही." मी जोर लावला. तोंड लाल झालं, कानशिलं तापली. ती म्हणाली, "नाना, स्नायू खाली आहे. तुम्ही भुवया वर ओढताय."

मी फोन बंद करून टाकला. दुसऱ्या दिवशी कुंदाबाईने परत लावून दिला.

हळूहळू माणसं कळायला लागली. शिंदखेड्याचे तोताराम मास्तर, शाळेतून रिटायर झालेले. डंबेल्सच्या जागी पाण्याने भरलेल्या बाटल्या घेऊन उभे राहायचे आणि क्लासमध्ये बिनधास्त अहिराणी बोलायचे. "ताई, मना गुडघा कटकट वाजस!" ती म्हणायची, "वाजू द्या मास्तर, दुखत नाही ना?" आणि दुसरे माणकचंद शेठ. धुळ्याचे कापडाचे व्यापारी, मारवाडी जैन. त्यांचा तर महिनाभर मी चेहराच पाहिला नव्हता. फोन असा काही ठेवायचे की छताचा पंखा दिसायचा आणि त्याखाली चार बोटं कपाळ. माझा स्वभाव असा, की मनात आलेलं तोंडात थांबत नाही. एक दिवस म्हणालोच, "अहो शेठ, व्यायाम तुम्ही करताय की पंखा?"

सगळे हसले. कपाळावर आठी पडलेली तेवढी दिसली. क्लास संपल्यावर त्यांचा फोन आला. "पाटील, तुम्ही फार बोलता."

"बोलतो. मग?"

"मग काही नाही. पंखा मीच लावलाय, चांगल्या कंपनीचा आहे."

मला हसू फुटलं. थेंबही आला. त्या दिवसापासून रोज क्लासनंतर आमचा फोन सुरू झाला. ते धुळ्याला, मी जळगावला, समोरासमोर कधी भेटलो नाही, पण मी जे कुंदाबाईलासुद्धा सांगितलं नव्हतं ते शेठना सांगितलं. सगळा जन्म पांढरा पायजमा घातला मी. ऑपरेशननंतर टेलरकडून काळ्या पँटी शिवून घेतल्या. लग्नाला जाणं बंद केलं, कोणी वारलं तर दारावर जाणं बंद केलं, बागेत जाणंही बंद केलं, कारण गावी जायचं म्हणजे मोटारीत बसायचं. घरातला संडास जिथून दिसतो तेवढंच माझं जग उरलं होतं.

शेठ ऐकून घ्यायचे. मग एकदा त्यांनी त्यांचं सांगितलं. त्यांच्या दुकानात अजून गादी आहे. काउंटर, खुर्च्या सगळं झालं, पण मालक बसतो ती पांढरी शुभ्र खोळ घातलेली गादी आणि लोड त्यांनी काढू दिले नाहीत. त्यांचे वडील तिथे बसायचे, नंतर ते बसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा दुकानात गेले, एक गिऱ्हाईक आलं, शेठ कापड दाखवायला उठले आणि मागे पांढऱ्या खोळीवर डाग. गिऱ्हाइकाची नजर तिकडे जायच्या आत त्यांनी तांब्या पालथा केला आणि पाणी सांडलं म्हणून स्वतःच स्वतःवर ओरडले. दुसऱ्या दिवसापासून ते कोपऱ्यात लाकडी खुर्चीवर बसायला लागले आणि गादीवर मुलगा अमन. बाजारात बोलबाला झाला की शेठना वैराग्य आलं, जिवंतपणी गादी सोडली. कॅन्सर तर त्यांनी कोणाला सांगितलाच नव्हता. बायको कुसुमलताबाई आणि अमन एवढ्यांनाच ठाऊक. बाकी सगळ्यांना मुतखड्याचं ऑपरेशन.

"लोक पाया पडतात हो पाटील," म्हणाले. "वैरागी म्हणून पाया पडतात. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं."

मी आपलं म्हटलं, "शेठ, स्नायू ओढा."

पुढे पर्युषण आलं. जैनांचे उपवासाचे दिवस. शेठनी क्लासमध्ये जाहीर केलं की यंदा ते अठ्ठाई करणार, म्हणजे आठ दिवस अन्न नाही. मोनाली चमकली. म्हणाली, "शेठजी, डॉक्टरांना विचारलंत?" ते म्हणाले, "लहानपणापासून उपवासाची सवय आहे ताई. आणि गरम पाणी चालतं." उकळून निववलेलं पाणी, तेही दिवस मावळायच्या आत, असा त्यांचा नियम असतो. तोताराम मास्तरांनी तर बाटल्या खाली ठेवून हातच जोडले. मीही म्हटलं, बरं बुवा, ज्याचं त्याला ठाऊक.

पण दोन-तीन दिवस गेले आणि फोनवर शेठ खुशीत. आवाज मात्र कोरडा, शब्द जिभेला चिकटल्यासारखे.

"पाटील, गळती थांबली!"

"काय सांगता! व्यायामाने?"

"पाण्याने. म्हणजे पाणी सोडल्याने. गरम पाणी पण घेत नाही मी. एखादा घोट, बस. वरून गेलंच नाही तर खालून येणार काय? आणि कोणी विचारतसुद्धा नाही. उलट म्हणतात, शेठनी तप आणखी कडक केलं."

माझं डोकंच फिरलं. "शेठ, वेड लागलं का तुम्हाला? ताई रोज घसा फोडून सांगते, पाणी कमी करू नका! लघवी घट्ट होते, पिशवी जळते, गळायचं ते आणखी गळतं. वर चक्कर. या वयात मूत्रपिंडं बसली तर?"

"आठ दिवसांचा तर प्रश्न आहे."

"आणि नवव्या दिवशी? तेव्हा काय करणार, नववा उपवास?"

मी थांबायला हवं होतं, पण मी थांबणारा असतो तर काय पाहिजे होतं. "तपाच्या आड लपताय तुम्ही," म्हणालो.

ते लागलं त्यांना. आवाज चढवायला अंगात जोर नव्हता, तरी चढवला. "आमच्या धर्मातलं तुम्हाला काय कळतं?"

"धर्मातलं नाही कळत. पाण्यातलं कळतं. बागेचं पाणी तोडलं की आधी पान पिवळं पडतं, मग झाड मोडतं. तुम्ही मोडाल, शेठ!"

फोन कट. परत लावला, उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी क्लासला आले. पंखा, कपाळ. खुर्चीवरून उठायचा व्यायाम चालू होता. मोनाली मोजत होती. शेठचं कपाळ वर आलं, थोडं हललं, आणि दिसेनासं झालं. खुर्ची सरकल्याचा आवाज, मग काहीतरी पडल्याचा आवाज. आणि पडद्यावर नुसता पंखा फिरतोय. "शेठजी? शेठजी!" मोनाली हाका मारतेय, मास्तर ओरडतायत, मी तर खिडकीतला फोन हातात घेऊन त्याच्यावरच ओरडतोय. मग एका बाईचा आवाज आला, अहो, अहो, असा, आणि फोन बंद झाला.

शेठ पाणीच घेत नाहीत, हे मी मोनालीला लगेच कळवलं. दुपारी मोनालीचा फोन आला. ती धुळ्यातलीच, जाऊन आली होती.

"उठून बसलेत नाना. लागलं नाही फारसं. पण घरात पाहुण्यांची गर्दी. त्यांनी सगळ्यांसमोर 'या आमच्या योगाच्या ताई' म्हणून सांगितलं आणि एकट्यात बोलूच दिलं नाही. मुलाला मी पाण्याचं सांगितलं. तो म्हणतो, बाबा ऐकत नाहीत, आणि एवढ्या लोकांसमोर जबरदस्ती कशी करू? मला तर त्यांचा आजार कोणासमोर बोलता येत नाही. नाना, तुमचं ऐकतील कदाचित."

"माझा तर फोन उचलत नाहीत."

"फोन नाही म्हणत मी," ती म्हणाली.

मी फोन ठेवला आणि बसून राहिलो. जळगाव ते धुळे. दोन तासांचा रस्ता, तोही वाहतूक नशिबाने मोकळी असली तर. ऑपरेशनपासून मी चौकातल्या दुकानापलीकडे गेलो नव्हतो. कुंदाबाई दारात उभी राहून सगळं ऐकत होती.

"त्यायले म्हनता, लपता म्हनून," ती म्हणाली. "आन तुम्ही?"

मी ओरडणार होतो. त्याऐवजी मुलाला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी रविवार. आमचा मुलगा, नवीन, पाइपच्या कारखान्यात आहे, त्याला सुट्टी होती. क्लास बुडवून सकाळीच निघालो. निघताना कुंदाबाईने दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे पाण्याचा भरलेला पेला पुढे धरला. "त्यायले पाणी पेजा सांगाले चालले ना? मंग आधी तुम्ही पेजा." मी गटागटा प्यालो. दुसरं, एक पिशवी दिली, तिच्यात पॅड, टॉवेल, दुसरी पँट. ती पिशवी पाहून माझं टाळकं सणकलं. "मी काय अंगावरचं पोर आहे?" म्हणून ओट्यावर ठेवून दिली आणि गाडीत बसलो. माझ्या रागाने मला आजवर जेवढं रडवलंय तेवढं कॅन्सरनेही रडवलं नाही.

एरंडोल गेलं, पारोळा गेलं. मी मनातल्या मनात मोनालीचे आकडे मोजत स्नायू ओढत होतो, आणि खोटं कशाला बोलू, जमत होतं. पण पारोळ्याच्या पुढे एक ट्रक रस्त्यात आडवा झालेला. केळीचाच, आणखी काय! गाड्यांच्या रांगा लागल्या. उजव्या बाजूला एस.टी., खिडक्या माणसांनी भरलेल्या. डाव्या बाजूला फटफट्या. उतरून जायचं कुठे? नवीनला सांगायचं तरी कसं? बापाने मुलाला काय सांगायचं, मला लागली आहे म्हणून? मी दात आवळून बसलो. अर्ध्या तासाने रांग हलली, नवीनने गाडी काढली आणि पहिल्याच खड्ड्यात सगळं संपलं. घातलेलं एक पॅड काय पुरणार होतं. गरम ओल मांडीवरून खाली गेली आणि सीटमध्ये उतरली.

नवीनने ओळखलं. आरशात पाहिलं नाही त्याने, रस्त्याकडेच पाहत म्हणाला, "नाना, परत फिरू या का?"

माझे डोळे भरले. खिडकीकडे तोंड केलं. फिर म्हणालो असतो तर परत घराबाहेर पडलो नसतो, हे मला त्या क्षणी पक्कं कळत होतं. आणि शेठ तिकडे वाळत बसले असते.

"चल पुढे," म्हटलं. "काळी पँट आहे. कळत नाही."

दुकान खाली, घर वर. जिना चढतानाच बायकांच्या गाण्यांचा आवाज येत होता, तपस्व्यासाठी म्हणतात ती गीतं. वर गेलो तर मोठी खोली, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गाद्या अंथरलेल्या. पांढऱ्याशुभ्र, परीटघडीच्या खोळी. त्यावर नातेवाईक, बाजारातले व्यापारी, पोरंबाळं. आणि कोपऱ्यात लाकडी खुर्चीवर माणकचंद शेठ. पहिल्यांदा सबंध पाहिले मी त्यांना. फोनवर कपाळ केवढं मोठं वाटायचं! प्रत्यक्षात एवढासा जीव. डोळे आत गेलेले, ओठ पांढरे पडून फुटलेले. खुर्चीत खाली काळी शाल घडी करून घातलेली. शेजारी स्टुलावर पितळी कळशी, तिच्यावर पालथा पेला. पेला कोरडा ठणठणीत.

लोक येत होते, त्यांच्यासमोर वाकत होते, "साता आहे ना?" म्हणजे बरं आहे ना, असं विचारत होते. ते मान हलवत होते.

मला पाहून त्यांनी डोळे बारीक केले. "पाटील?"

"पाटीलच. पंखा पाहायला आलो तुमचा."

ते हसले नाहीत, पण डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या कोरड्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं कुठून कोण जाणे. "जळगावहून आलात? तुम्ही?" तो 'तुम्ही' फक्त मला कळला.

"कोण पाहुणे?" एका वयस्कर व्यापाऱ्याने विचारलं. "हे मित्र माझे," शेठ म्हणाले. लगेच चौघं जण सरकले. "या, या नाना, बसा. अहो, बसा ना! लांबून आलात." अमनने लोड पुढे केला. एकाने तर माझा हात धरून खालीच ओढला.

मी उभा. खाली पांढरी गादी. वर काळी पँट, ओलीचिंब. उभा होतो तोवर कोणाला काही दिसत नव्हतं. बसलो की सगळ्यांना दिसणार होतं.

"गुडघे दुखतात," म्हणायचं ओठावर आलं होतं. शेठ नुसते बघत होते. माझ्या तोंडाकडे नाही, पँटीकडे. त्या खोलीत त्यांना एकट्यालाच समजलं होतं. आणि त्यांच्या चेहऱ्यावर अशी काही भीती आली, की जणू माझ्या जागी तेच उभे आहेत. ती भीती पाहिली आणि मला राग आला. शेठचा नाही, माझा नाही. त्या ओल्या पँटीचाच राग आला म्हणा.

"नाही बसत," मी म्हणालो. मोठ्याने बोलायची सवय, सगळ्या खोलीला ऐकू गेलं. "गादी खराब होईल. मला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन झालं, बरा आहे, पण लघवी राहत नाही. आत्ता येताना गाडीत झाली. पँट ओली आहे माझी. तर आधी मला मोरी कुठे ती दाखवा."

गाणं थांबलं. एका बाईने पदर तोंडाला लावला. माझा हात धरणाऱ्याने हात सोडला. मागे नवीन उभा होता, त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. शेठचं नाव मी घेतलं नव्हतं. आमचा कसला क्लास, तेही बोललो नव्हतो. त्यांचं ते त्यांच्यापाशी. मी फक्त माझं सांगितलं.

मग खुर्चीतून तो कोरडा आवाज आला.

"पाटील, एकट्याचं का सांगता? दोघांचं सांगा."

अमन म्हणाला, "बाबा…"

"थांब. मुतखडा नव्हता," शेठ सगळ्यांकडे पाहून म्हणाले. एकेक शब्द ओठ ओले करून काढत होते. "हाच आजार होता मला. मलाही असंच होतं. म्हणून गादी सोडली, वैराग्य वगैरे काही नाही. आणि पाणी सोडलं तेही त्यासाठीच. तपाचं पुण्य मला लागणार नाही. तुम्ही पाया पडलात, मला माफ करा." आणि त्यांनी हात जोडले.

कुसुमलताबाई इतका वेळ बायकांत बसल्या होत्या. त्या उठल्या. डोळे पुसले नाहीत. कळशीवरचा पेला सरळ केला, उकळून ठेवलेलं पाणी ओतलं आणि शेठसमोर धरला. इतके दिवस रोज पाणी उकळायचं, भरून ठेवायचं आणि संध्याकाळी जसंच्या तसं ओतून द्यायचं, हे त्या माउलीने कसं काढलं असेल?

"उपवास मोडत नाही याने," त्या म्हणाल्या. "पाणी तर चालतं. घ्या."

शेठनी पेला दोन्ही हातांनी धरला. एक घोट घेतला, थांबले, दुसरा घेतला. मग सगळा पेला संपवला आणि परत पुढे केला. खोलीत फक्त त्यांच्या घशाचा आवाज. तो वयस्कर व्यापारी खाली मान घालून बसला होता. दुसरा पेला शेठनी संपवला तेव्हा तो नाक शिंकरत म्हणाला, "मुतखडा म्हणे! चार महिने मी यांना कुळथाचं पाणी पाठवतोय!" आणि हसायचं नव्हतं त्या जागी दोघं-तिघं हसलेच.

कुसुमलताबाईंनी मला मोरीत नेलं, टॉवेल दिला आणि शेठचा एक पायजमा दिला. पांढरा. मी म्हटलं, "अक्का, काळं काही नाही का?" त्या म्हणाल्या, "नाही भाऊ, आमच्याकडे पांढरेच असतात."

अंग धुऊन, पायजमा घालून बाहेर आलो. अमन डॉक्टरांना फोन करत होता. खुर्ची रिकामी. शेठ गादीवर बसले होते, लोडाला टेकून. काळी शाल खुर्चीतच राहिली होती. मी गादीच्या काठाशी घुटमळलो. काय सांगावं, अजून एखादा थेंब…

शेठनी शेजारच्या जागेवर हात थोपटला. "बसा हो पाटील. खोळ धुता येते. कापडाचाच धंदा आहे माझा."

मी बसलो. शेठनी माझा हात धरला आणि डॉक्टर येईपर्यंत सोडला नाही.

डॉक्टरांनी ब्लडप्रेशर तपासलं आणि शेठना चांगलं झापलं. उपवासाचा नियम शेठ रोजच्या रोज घेत होते, तेव्हा मोडण्याचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी पुढचा नियम घेतला नाही, मुगाचं पाणी पिऊन पारणं केलं. राहिलेले उपवास पुढे बघू म्हणाले. लोक नंतर बोलले असतील. बोलणारच. एकाने मात्र दुसऱ्याच आठवड्यात अमनकडून मोनालीचा नंबर गुपचूप मागून घेतला म्हणे. कोण ते मी सांगणार नाही.

परत येताना नवीनने सीटवर त्याचा टॉवेल अंथरला होता. पारोळ्याला एका टपरीपुढे गाडी हळू केली आणि भीतभीतच विचारलं, "नाना, चहा घ्यायचा?" वर्षभर त्याने मला बाहेर कुठे चहा विचारला नव्हता.

"घ्यायचा," मी म्हटलं. "आणि आधी पाणी सांग."

पांढऱ्या पायजम्यात टपरीच्या बाकावर बसून मी चहा प्यालो. मोरी कुठे आहे हे आधी विचारायचं राहूनच गेलं.

त्या आठवड्यातच एक दिवस क्लास लावला तर शेठच्या चौकटीत पंखा नव्हता. दुकान दिसत होतं. मागे कापडाचे गठ्ठे, खाली पांढरी गादी, गादीवर मांडी घालून सबंध माणकचंद शेठ. बाजूला पाण्याचा तांब्या, भरलेला. दुकान उघडायच्या आधी तिथूनच क्लास करणार म्हणाले.

तोताराम मास्तरांनी बाटल्या खाली ठेवल्या आणि फोनजवळ तोंड आणलं. "शेठ, पंखा कोठे गया?"

"पंख्याला आराम दिलाय मास्तर. तो थकला होता."

मी असा काही हसलो की खुर्ची हलली. मास्तर हसले, शेठ हसले. मोनालीलाही हसू आवरेना, तरी दटावत म्हणाली, "हसताना स्नायू ओढून धरा, नाहीतर थेंब येईल बरं!"

"येऊ द्या ताई," शेठ म्हणाले.

मला आलाच. मी पांढऱ्या पायजम्यात होतो. येऊ दिला.